वर्गाचा विकी करायचाय? माटोळीपासून सुरू करा

शाळेत विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची आणि सुधारायची वेबसाइट) म्हटलं की बरेचजण पोरांना थेट विकिपीडियावर बसवतात. ते नंतर हो! तिथलं सगळ्या जगाला दिसतं, आणि सातवीतल्या पोराने कष्टाने लिहिलेलं कोणीतरी अनोळखी माणूस पटकन उडवून टाकतो. आधी वर्गापुरता बंद विकी करा.

त्यासाठी डोकुविकी हे सॉफ्टवेअर बरं पडतं. फुकट आहे, डेटाबेस लागत नाही, पानं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठतात, लॅबमधल्या एका पीसीवर झॅम्प (XAMPP, पीसीला सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात बसवलं की बाकीचे पीसी लॅनवरून, म्हणजे लॅबच्या आतल्या नेटवर्कवरून ते उघडतात, म्हणजे पावसात नेट गेलं तरी तास फुकट जात नाही (आणि आपल्याकडे जून-जुलैत ते जातंच). इन्स्टॉल करताना 'क्लोज्ड विकी' निवडा आणि स्वतःहून रजिस्टर करायच्या पर्यायावरची टिक काढा. खाती तुम्हीच बनवा, पोरांची खरी नावं नकोत, आबोली, फणस, माड अशी टोपणनावं द्या आणि कोण कोण त्याची यादी तुमच्या वहीत.

आता विषय. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी माटोळी घ्या, गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची ती चौकट. आपल्या गोव्यात घरोघरी बांधतात, पण त्यातली रानफळं किती पोरांना ओळखता येतात? कवंडळ, घागऱ्या, सुपारीचा शिपटा (घड), एकेकाला एकेक पान, माहिती आजीला विचारून आणायची आणि कोणाला विचारलं ते 'आजी', 'शेजारची मावशी' एवढंच लिहायचं. एका पानावर दोघं नकोत, कारण एकजण एडिट करत असला की डोकुविकी ते पान दुसऱ्याला साधारण 15 मिनिटं लॉक करतो आणि मग भांडणं. दुसऱ्या आठवड्यात पानं अदलाबदल करा, प्रत्येकाने दुसऱ्याचं पान सुधारायचं. जुन्या आवृत्त्या सगळ्या राहतात, कोणी काय बदललं ते दिसतं, कोणी मस्करी केली तर पान मागे नेता येतं. माझ्या मते मार्क पण तिथूनच द्यावेत, शेवटचं पान बघून नाही.

फोटोत चेहरा, घराचा नंबर, गाडीची प्लेट नको, आणि कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद.

चर्चेसाठी वॉट्सअ‍ॅप ग्रूप काढू नका, तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना मिळतो. इन्स्टाला तर 13 वर्षांची अट आहे, सातवीतली बरीच पोरं त्यात बसतच नाहीत. बोलायचं ते विकीच्याच पानाखाली, लिहिलेल्यावर बोलायचं, लिहिणाऱ्यावर नाही. बाहेर कोणी त्रास दिला तर स्क्रीनशॉट ठेवून मोठ्यांना दाखवायचा, आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू दे.

हे सगळं अंगवळणी पडलं की मग मराठी विकिपीडिया, पण तिथेही आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर), आणि आजीच्या शब्दाला तिथे संदर्भ धरत नाहीत हे आधीच सांगा. प्रसिद्ध झालेला, भरवशाचा आधार लागतो. गोवा विद्यापीठाचा कोंकणी विश्वकोश 2013 साली मुक्त परवान्याखाली दिलाय, तो बघायला लावा.