आखाड्यातून पिंजऱ्यात जाताना या चुका टाळा

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात जुन्या टिनाच्या शेडखाली मी बारा वर्षांपासून पोरं तयार करतो. आधी निव्वळ कुस्ती होती. आता मोबाईलवर लढती पाहून आलेलं पोरगं पहिल्याच दिवशी विचारतं, “भाऊ, मले एमएमए शिकाचं हाये. यूएफसीत जायले किती दिवस लागतीन?”

एमएमए म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी, जाळीच्या पिंजऱ्यातली लढत, आणि यूएफसी ही अशा लढती भरवणारी अमेरिकेतली मोठी कंपनी. प्रश्न चुकीचा नाही. महाराष्ट्रातला कुस्तीगीर भरत खंडारे 2017 मध्ये यूएफसीच्या शांघायच्या कार्डावर, म्हणजे एका रात्रीच्या लढतींच्या यादीत, लढला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून आलेल्या पूजा तोमरने जून 2024 मध्ये तिथे लढत जिंकली आणि यूएफसीत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. म्हणजे वाट आहे. पण त्या वाटेवर आपल्याकडची पोरं ज्या चुका करतात त्या जवळपास ठरलेल्या आहेत. मी स्वतः पाच व्यावसायिक लढती खेळलो, त्यातल्या तीन हरलो. त्या तीनपैकी दोन तर पिंजऱ्यात पाय ठेवण्याआधीच हरलो होतो. म्हणून लिहितो आहे.

पहिली प्रोफेशनल लढत घाईत घेणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटातून निघतात.

एक दिवस फोन येतो. “नऊ दिवसांनी कार्ड आहे. 66 किलोतला एक जण जखमी झाला. येतोस का? जाणं-येणं, राहणं आमच्याकडे, वर पैसे.” सोयाबीनला भाव नाही, घरात बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, आणि समोरचा माणूस एका रात्रीचे पंधरा हजार सांगतो. पोरगं हो म्हणून टाकतं. समोर कोण आहे, ते विचारतच नाही. समोर बहुतेक वेळा आयोजकांच्याच शहरातला, तिकिटं खपवणारा, तीन महिने तयारी केलेला मुलगा असतो. आपला माणूस त्याच्या विजयासाठी बोलावलेला असतो.

मीही असाच गेलो होतो. बडनेऱ्याहून रात्रीची गाडी पकडली, जनरल डब्यात उभ्याने गेलो, आणि दुसऱ्या दिवशी वजन दिलं. पहिली फेरी जिंकलो. दुसऱ्या फेरीत हात वर राहीनात.

पैसे त्याच महिन्यात संपले. निकाल मात्र राहिला. व्यावसायिक लढतीचा निकाल इंटरनेटवरच्या नोंदीत कायमचा बसतो, तो कुणी पुसत नाही. पुढचा आयोजक तुमचा घाम पाहत नाही, एक विजय आणि चार पराभव एवढे आकडे पाहतो आणि पुन्हा हरण्यासाठीच बोलावतो. ज्याचं नाव आपली पोरं रोज घेतात, त्या यूएफसीच्या माजी विजेत्या खबीब नुरमागोमेदोवने 2012 मध्ये यूएफसीत पाऊल टाकलं तेव्हा त्याच्या खात्यावर 16 व्यावसायिक विजय होते, आणि त्याआधी लहानपणापासूनची कुस्ती आणि साम्बो (रशियातला कुस्तीसारखा खेळ).

अमॅच्युअर, म्हणजे हौशी, लढती आधी तयार व्हायलाच असतात. तिथे साधारण तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात, कोपर मारता येत नाही, नडगीला पॅड असतात. व्यावसायिक लढतीत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, जेमतेम 4 औंसाचे ग्लोव्हज, आणि कोपर चालतं. नऊ मिनिटं आणि पंधरा मिनिटं यांतलं अंतर कागदावर सहा मिनिटांचं आहे. अंगात ते दोन वर्षांचं असतं. माझ्या शेडमध्ये सहा अमॅच्युअर लढती झाल्याशिवाय मी कुणाला व्यावसायिक लढतीवर सही करू देत नाही. यावरून दोन पोरं मला सोडून गेली, तरी मी नियम बदलला नाही.

आणि ज्याच्याकडून ही चूक होऊन गेली आहे, त्याने काय करावं? एक वर्ष व्यावसायिक लढत बंद. त्या वर्षात बॉक्सिंग, ग्रॅपलिंग (ठोशांशिवाय नुसत्या पकडींची झुंज), कुस्तीच्या स्पर्धा खेळा. त्यांचे पराभव एमएमएच्या खात्यावर चढत नाहीत, आणि कमी कुठे आहे ते मात्र नेमकं कळतं.

कुस्तीने दिलेली सवय पिंजऱ्यात न्यायची कोणती, सोडायची कोणती

आपल्याकडचा मुलगा कुस्तीतून येतो हे त्याचं बळ आहे. पट काढणं (खाली शिरून पाय धरून पाडणं), अंगावर वजन ठेवणं, समोरच्याला दमवणं, हे शहरातल्या किकबॉक्सिंगवाल्याला शिकायला वर्षं लागतात. पण कुस्तीच्या दंगलीत जी गोष्ट तुम्हाला वाचवते, ती पिंजऱ्यात मारते.

मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. म्हणून पैलवान पाठीवर जायची वेळ आली की अंगातली सगळी ताकद लावून पालथा होतो, छाती भुईला लावतो. तिथे तो सुरक्षित असतो. पिंजऱ्यात पालथं होणं म्हणजे पाठ आणि मान समोरच्याच्या हवाली करणं. तो पाठीवर बसतो, दोन्ही पाय आत अडकवतो, हात हनुवटीखालून सारतो, आणि मेंदूकडे जाणारं रक्त अडलं की काही सेकंदांत शुद्ध जाते. आपल्या पैलवानांच्या लढतींचे व्हिडिओ काढून पाहा, हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसेल.

यावर उपाय एकच, पाठीवर राहायला शिका. ऐकायला साधं वाटतं, पण पैलवानाच्या मनाला ते फार जड जातं. माझ्या वस्तादांनी मला पाठीवर पडून सराव करताना पाहिलं तेव्हा ते आठ दिवस बोलले नाहीत. नव्या पोराला मी पहिले तीन महिने रोज वीस मिनिटं पाठीवरूनच सुरुवात करायला लावतो. वर एक जण बसलेला. कोपर-गुडघा जवळ आणायचं, काखेखालून हात घालायचा, कुशीवर यायचं, भिंतीला टेकून उठायचं. शेडच्या एका भिंतीला आम्ही जुन्या गाद्या बांधल्या आहेत, कारण पिंजऱ्यातली अर्धी लढत जाळीला टेकून होते आणि दंगलीत जाळीच नसते.

दुसरी सवय पट काढण्याची. मातीत डोकं खाली घालून पटात शिरलं तरी मान धोक्यात नसते. इथे खाली झुकलेली, पुढे आलेली मान म्हणजे गिलोटिनला, समोरून मान काखेत धरून आवळण्याच्या डावाला, आमंत्रण. खंडारे शांघायला सोंग यादोंगकडून पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्येच हरला. इतका अनुभवी कुस्तीगीर ज्यात सापडतो, त्यात आपण सापडणार नाही असं धरून चालू नका. पट काढताना नजर समोर, मान ताठ, कान समोरच्याच्या बरगडीला चिकटलेला. मान अडकलीच तर आधी दोन्ही हातांनी त्याचं मनगट खाली ओढा, मग डोकं ज्या काखेत आहे त्याच्या उलट बाजूला अंग न्या. ताकदीने डोकं मागे ओढू नका, त्याने फास आणखी बसतो.

तिसरी सवय उभं राहण्याची. पैलवान वाकून, पुढच्या पायावर भार टाकून उभा राहतो. अशा पायावर चार लाथा बसल्या की पट काढायला पायच उरत नाही. याला वेळ लागतो, चांगला किकबॉक्सिंगचा गुरू लागतो, आणि तो गावात मिळत नाही. आठवड्यातून दोन दिवस अमरावतीला जावं लागलं तरी जा.

आणि टॅप. गावातल्या पोराला समोरच्याच्या अंगावर थाप देऊन हार मानणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. माझ्या डोळ्यासमोर एका पोराचं कोपर निखळलं, सरावात, मंगळवारी संध्याकाळी. बघायला कुणी नव्हतं, पैसे नव्हते, काही नव्हतं. सात महिने त्याला फवारणीचा पंप पाठीवर घेता आला नाही. सरावात लवकर टॅप करा, आणि टॅप करणाऱ्याला हसणाऱ्याला शेडबाहेर काढा.

वजन उतरवण्याचे गावठी प्रकार

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. अशा उन्हात पोरं घोंगडं पांघरून, आत प्लास्टिक गुंडाळून पळताना मी पाहिली आहेत. तोंडात लवंग धरून थुंकत बसतात. मेडिकलवरून लघवीच्या गोळ्या आणतात.

11 डिसेंबर 2015 ला चीनचा 21 वर्षांचा यांग जियान बिंग मनिलामध्ये लढतीआधी वजन उतरवताना शरीरातलं पाणी गेल्याने मेला. त्यानंतर ती लढत ठेवणाऱ्या वन चॅम्पियनशिप या आशियातल्या कंपनीने पाणी काढून वजन उतरवण्यावर बंदी घातली आणि लघवीची तपासणी सुरू केली. मी हे नाव शेडच्या भिंतीवर लिहून ठेवलं आहे. तो काही नवशिका नव्हता.

माझा हिशोब असा आहे. 65.8 किलोच्या गटात लढायचं असेल आणि आठवडा उरलेला असताना वजन 69 च्या वर असेल, तर गट चुकला आहे. वरच्या गटात जा. बाकीचं वजन आधीच्या आठ-दहा आठवड्यांत, आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो, जेवणातून उतरायला हवं. त्यासाठी डबे विकत घ्यायची गरज नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंडी, फुटाणे, ताक, अंबाडी-मेथीची भाजी. तेल आणि साखर कमी करा, रात्रीची भाकर एकाने कमी करा. डाळ कमी करू नका. अमॅच्युअर स्पर्धेत अनेकदा लढतीच्या दिवशीच सकाळी वजन होतं, तिथे पाणी काढून वजन उतरवणं म्हणजे रिकाम्या अंगाने मार खाणं.

वजन दिल्यावरची चूकही आपल्याकडे ठरलेली आहे. लगेच ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावायचं. दवाखान्यातल्या खऱ्या उपचारांचा भाग नसेल तर बारा तासांत 100 मिलिलीटरच्या वर शिरेतून द्रव घेणं उत्तेजक-विरोधी नियमांत बसत नाही, आणि सलाईनची साधी बाटलीच 500 ची असते. लघवीच्या गोळ्याही बंदीच्या यादीत आहेत. ओआरएसचं पाणी घोटाघोटाने प्या, दर थोड्या वेळाने. त्यासोबत मऊ भात, केळी, मीठ घातलेलं वरण. एकदम तांब्यामागून तांब्या साधं पाणी ढोसू नका. चक्कर, पायात गोळे, बडबड, लघवी बंद, यातलं काही दिसलं तर लढत सोडा आणि दवाखाना गाठा.

पावडरींबद्दल थोडंच सांगतो. लेबलवर न लिहिलेलं औषध डब्यात निघालं तरी बंदी तुमच्यावर येते, दुकानदारावर नाही. कुण्या बाबाच्या चूर्णाचंही तेच.

डोक्याला रोज मार

सराव म्हणजे रोज एकमेकांना ठोकणं, असा समज आहे. आठवड्यातून एकदा जोराची स्पारिंग (सरावाची लढत) पुरे, तीही हेडगार्ड घालून. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, मेंदू आत हलायचा थांबत नाही, म्हणून हेडगार्ड आहे म्हणून जोर वाढवू नका. शुद्ध हरपली असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस डोक्याला स्पर्श नाही. चांगल्या स्पर्धांत ही सक्तीची विश्रांती अनेकदा 30 ते 90 दिवसांची असते.

खेड्यात यातला सगळ्यांत मोठा धोका अंतराचा आहे. मार लागल्यावर पोरगं बरं बोलतं, चहा घेतं, घरी जाऊन झोपतं. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, जीभ जड, उठवलं तरी न उठणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात सीटी स्कॅन नसतं. जिथे आहे तिथेच थेट न्या, 108 ला फोन करा. पहिल्या रात्री त्याच्याजवळ एक जण जागा ठेवा.

नायट्याचं तर बोलायलाच लाज वाटते पोरांना. मॅटवरून तो आठवडाभरात सगळ्यांना होतो. मेडिकलवरून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावली की चार दिवस खाज थांबते आणि नंतर तो दुप्पट पसरतो. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, बरं होईपर्यंत मॅटवर येऊ नका, आणि मॅट रोज पुसा.

कागद, पैसा आणि जमीन

करार इंग्रजीत असतो आणि वजनाच्या आदल्या रात्री हातात दिला जातो. त्यावर तिथल्या तिथे सही करू नका. फोटो काढून तालुक्याच्या कोर्टातल्या कुण्याही वकिलाला पाठवा. किती लढतींसाठी बांधलात, किती वर्षं, दुसरीकडे लढता येतं का, आणि जखमी झालात तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, एवढं तरी समजून घ्या. मानधन बहुधा दोन भागांत असतं, लढण्याचे वेगळे आणि जिंकण्याचे वेगळे. पंधरा अधिक पंधरा असं सांगितलं तर घरी पंधराच येतील असं धरून चला. त्यातून रक्ताच्या तपासण्या, लढतीत कोपऱ्यात उभं राहून सूचना देणाऱ्याचं भाडं, फिजिओ.

परदेशातल्या कॅम्पसाठी एकर विकू नका. हे मी हात जोडून सांगतो. एका बापाने माझं न ऐकता विकला, आणि पोरगं पहिल्याच महिन्यात दुखावलेला गुडघा घेऊन परत आलं.

एमएमए ऑलिम्पिकमध्ये नाही, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण ठरलेल्या खेळांच्या ठरलेल्या स्पर्धांवरच मिळतं. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदोच्या स्पर्धा सोडू नका, त्यांची प्रमाणपत्रं जपा आणि नेमकं काय चालतं ते जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा. अमरावतीला 1914 पासून उभं असलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या पोरांनी 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. शारीरिक शिक्षणाची पदवी घेत घेत लढलात, तर तिशीनंतर हातात काहीतरी राहील.

मागच्या महिन्यात माझ्या एका पोराला तसाच फोन आला, अकरा दिवसांवर लढत. त्याने वहीत लिहून ठेवलेले प्रश्न विचारले: समोर कोण, त्याच्या किती लढती, वजन कधी, डॉक्टर कोण, जखमेचा खर्च कुणाचा. पलीकडचा म्हणाला, सांगतो उद्या. अजून फोन आलेला नाही. त्याची पाचवी अमॅच्युअर लढत कपाशीची पहिली वेचणी झाल्यावर आहे. काल संध्याकाळी वीस मिनिटांत तो पाठीवरून बारा वेळा उठला. सुरुवातीला तीनदा उठायचा.