जुना मशीन व्हाइस घेताना: काय तपासावे, किती मोजावे

घरच्या गॅरेजात छोटे मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारे) आले की आठवड्याभरात कळून चुकते, मशीन कितीही चांगले असो, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरणारा व्हाइस ढिला तर काम वाकडेच होणार. नवा, ग्राइंडिंग केलेला व्हाइस खिशाला जड जातो. गोव्यात जुना मिळवणे मात्र तितके अवघड नाही. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक आणि बार्जच्या दुरुस्तीवर चालणाऱ्या वर्कशॉपचे काम आटले. डिचोली-होंडा पट्ट्यात चौकशी केली तर त्या वेळी कोपऱ्यात पडलेली हत्यारे अजून निघतात. वेर्णा, कुंडईच्या वसाहतींत हाताची मशीन काढून सीएनसी (संगणकावर चालणारी) घेणाऱ्यांकडेही विचारावे. तिथे नाहीच जमले तर चोर्ला घाट चढून बेळगावचे उद्यमबाग गाठावे.

घरातून निघण्याआधी स्वतःच्या मशीनची मापे लिहून घ्या: टेबलाची रुंदी, टी-स्लॉटमधले (बोल्ट अडकवायच्या खाचांमधले) अंतर, टेबल पुढे-मागे किती सरकते आणि स्पिंडलपासून (कटर धरून फिरणाऱ्या दांड्यापासून) टेबलापर्यंतची उंची. छोट्या मिनी मिलला 3 इंची (म्हणजे तेवढ्या रुंद जबड्याचा) व्हाइस पुरतो, गोल खांबाच्या बेंच मिलला 4 इंची. 6 इंची व्हाइस शोभतो तो 9 इंच रुंद टेबलाच्या उभ्या मशीनवर. स्वस्तात मिळतो म्हणून मोठा घेऊ नये. तो मागच्या खांबाला अडतो, उंची खातो, आणि टेबलाचे सरकणे संपले तरी जॉबची कड कटरखाली येत नाही. तळ आणि बाजू मशीन न केलेला, हलका व्हाइस दिसला तर तो ड्रिलिंगचा आहे. मिलिंगसाठी त्याचा विचार सोडा.

पिशवीत 0.01 मिमीपर्यंत मोजणारा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक चांगला गुण्या, पॅरललची (अचूक सारख्या उंचीच्या पट्ट्यांची) जोडी, ग्राइंडिंग केलेला चौकोनी ठोकळा, अ‍ॅलन की, रॉकेल, फडके, खडू आणि सिगारेटचा पातळ कागद घ्या.

आता मुद्द्याचे. व्हाइसमध्ये तुम्ही विकत घेता तो बेड (ज्यावर दुसरा जबडा सरकतो तो सपाट तळ) आणि स्थिर जबडा. जॉ प्लेट (जबड्यावर बोल्टने बसवलेली पट्टी) नवी बसते, हँडल कोणताही टर्नर करून देतो, स्क्रूसुद्धा बनवता येतो. बेड झिजला किंवा स्थिर जबडा कलला तर दुरुस्तीचा खर्च व्हाइसच्या किमतीपर्यंत जातो. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करा.

आधी जॉ प्लेट काढायची. विकणारा कुरकुरला तर शांतपणे सांगा, "बाब, पाच मिनिटांत परत बसवतो." प्लेटमागे चीप (धातूचा कीस) अडकलेली असते, कधी बोल्टने ओढून उठलेला बर (धातूचा उंचवटा) असतो, तो तेलदगडाने अलगद घासा. मग बेड पुसून त्यावर गुण्या ठेवा, पाते स्थिर जबड्याला टेकवा आणि मागून मोबाइलचा उजेड धरा. वर फट दिसली तर जबडा मागे रेललेला आहे, खाली दिसली तर पुढे झुकलेला. केसाएवढी फट प्लेट ग्राइंड करून निघते. फीलर गेजची 0.10 मिमीची पट्टी आत जात असेल तर मी तो व्हाइस तिथेच ठेवतो.

दुसरी परीक्षा कागदाची. बेडवर दोन्ही जबड्यांलगत एकेक पॅरलल ठेवा, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांवर कागदाची बारीक पट्टी ठेवा, वर ठोकळा ठेवून व्हाइस आवळा. आता चारही पट्ट्या हळूच ओढून पाहा. स्थिर जबड्याकडच्या घट्ट आणि सरकत्या जबड्याकडच्या सहज निघाल्या, तर सरकता जबडा आवळताना वर उचलतो आहे. साध्या व्हाइसमध्ये थोडे उचलणे असतेच, मऊ हातोडीने जॉब ठोकून बसवावा लागतो. पण ठोकूनही पट्ट्या सुटत असतील तर सरकत्या जबड्याला बेडशी धरून ठेवणारी खालची गाइड पट्टी झिजली आहे. ती आवळून किंवा शिम (पातळ पत्रा) लावून जमत असेल तर भाव कमी करून घ्या. जबडा पुढे दाबताना खालीही ओढणारा, तिरक्या गोलाच्या रचनेचा व्हाइस मिळाला तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही.

माझ्या पहिल्या व्हाइसला ताजा हिरवा रंग होता आणि मी डायल काढलाच नाही. घरी आणून ठोकळा कापला तेव्हा एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला जाडीत 0.2 मिमीचा फरक. रंग खरवडल्यावर स्थिर जबड्याच्या मुळाशी पितळी रंगाची रेघ दिसली: तुटलेले बीड ब्रेझिंग करून जोडले होते. तेव्हापासून ताजा रंग दिसला की मी आधी रॉकेलची बाटली काढतो. जबड्याच्या मुळाशी, नटच्या भोवती आणि क्लॅम्पच्या कानांना रॉकेल लावा, कोरडे पुसा, खडूची पूड चोळा. चीर असेल तर आतले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. अशा व्हाइसला वजनावर, भंगाराच्या भावाने घ्या, नाहीतर घेऊच नका.

स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बराच वापर झालेल्या मधल्या भागात आटे पातळ झालेले दिसतील. हँडल थोडे रिकामे फिरते म्हणून घाबरू नका, आवळल्यावर ते निघून जाते. आट्यांना धार आली असेल तर मात्र चिंता आहे. बेडवर ड्रिलची खोल भोके असतील तर भाव पाडा. पॅरलल त्यावर बसत असेल तर कामाला अडत नाही. स्वीवेल बेस (व्हाइस कोनात फिरवता येणारी बैठक) सोबत असेल तर घ्या, वापराल क्वचितच.

किंमत ठरवण्याची माझी रीत अशी. त्याच मापाच्या, त्याच दर्जाच्या नव्या व्हाइसचा दुकानातला भाव जीएसटीसकट विचारायचा. समजा नवा 15,000 आणि वर 18 टक्के, म्हणजे 17,700. बेड आणि जबडा निर्दोष असेल तर जुन्याला मी निम्म्यापर्यंत, 8,850 पर्यंत जातो. त्यातून प्लेटा, बोल्ट आणि ग्राइंडिंगचे समजा 1,800 वजा केले की 7,050 उरतात. बोलायला 6,000 पासून सुरू करावे. दोष सापडले तर ते विकणाऱ्याला बोट ठेवून दाखवावेत; प्लेटखालचा बर त्याने स्वतः पाहिला की घासाघीस लवकर संपते. गाइड दुरुस्त करायची असेल तर निम्म्याऐवजी नव्याच्या भावाच्या एक तृतीयांशापर्यंतच जावे.

घरी आणल्यावर सगळे सुटे करून रॉकेलने आणि पितळी ब्रशने धुवा. ग्राइंडिंग केलेल्या पृष्ठभागाला आम्ल लावू नका, ते धातू खाते. गंज जास्त असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गाडीच्या बॅटरीचा चार्जर जोडून (इलेक्ट्रोलिसिसने) काढा. आपल्याकडे वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस आणि किनाऱ्यालगत खारा वारा, त्यामुळे जूनच्या आधी बेडला आणि जबड्यांना ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि चवथीच्या सुट्टीत एकदा उघडून पाहा.