जुन्या रोडस्टरचे चाक नव्या भागांनी बांधताना या चुका टाळा

रॉड ब्रेकच्या जुन्या रोडस्टर सायकलीचे चाक नव्याने बांधायला घेणारे अनेक जण आधी डोळ्यांत भरलेली ॲल्युमिनियमची दुपदरी (दोन थरांची) रिम विकत घेतात आणि ती सायकलीला जमेल की नाही, याचा विचार नंतर करतात. या ब्रेकचे रबर रिमला दोन्ही बाजूंनी चिमटत नाही. ते दांड्याने ओढले जाऊन रिमच्या हबकडे (चाकाच्या मधल्या भागाकडे) तोंड असलेल्या पृष्ठभागावर दाबले जाते आणि त्यासाठी लागणारी सपाट जागा वेस्टवुड घडणीच्या रिमलाच असते. रॉड ब्रेक ठेवायचा असेल, तर दुपदरी रिमचा मोह सोडावा.

टायरवरच्या 28 या आकड्यावरही विसंबू नये. रोडस्टरच्या 28 × 1½ टायरच्या रिमवरील बैठकीचा व्यास 635 मिलिमीटर असतो, तर 700 सी टायरचा 622. दोन्हींवर 28 इंच लिहिलेले आढळते, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चालत नाही. भोकेही आधीच मोजावीत, कारण या सायकलींना बहुधा पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असतात, तर नवे हब बहुतेक 32 किंवा 36 भोकांचे येतात.

सर्वाधिक त्रास देणारी चूक मात्र स्पोकच्या डोक्यालगतच्या वाकात दडलेली असते. जुन्या पोलादी हबची स्पोक ओवायची कड पातळ असते आणि आजच्या स्पोकचा वाक ॲल्युमिनियमच्या जाड कडेसाठी घडवलेला असतो. त्यामुळे स्पोक भोकात सैल राहतो, प्रत्येक फेऱ्यात किंचित हलतो आणि काही महिन्यांत नेमका वाकापाशी तुटतो. अशा वेळी तोच स्पोक पुन्हा पुन्हा बदलत बसण्यापेक्षा स्पोकच्या डोक्याखाली पितळेचा बारीक वॉशर घालावा, म्हणजे वाक कडेला घट्ट टेकतो. रिम बदलली असेल, तर जुन्या स्पोकची लांबीही प्रमाण मानू नये; नव्या रिमचा निपलच्या (स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाच्या) बैठकीपाशी येणारा व्यास मोजून लांबी काढावी.

चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढताना स्पोक निपलबरोबर पिळला जातो. म्हणून निपल हवे त्याहून थोडे जास्त फिरवून तेवढेच मागे आणावे आणि शेजारच्या समांतर स्पोकच्या जोड्या हाताने जोरात दाबाव्यात. हे केले नाही, तर रस्त्यावर पहिल्याच फेरीत टणटण आवाज येतो आणि सरळ केलेले चाक पुन्हा आऊट होते.