लांबच्या सफरीसाठी बाइकचे टायर कसे निवडावेत: पुणे ते लेहचा हिशेब

लेहला जायचं ठरलं की आधी डोळ्यांत भरतात ते मोठमोठ्या ठोकळ्यांचे, चिखल उकरत जातील असे दिसणारे टायर. मेकॅनिक मंडळी त्यांना बटन टायर म्हणतात. बाइकला ते शोभतात हे खरंच, पण अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, चंदीगड, मनाली असं जाताना पुण्याहून लेह साधारण अडीच हजार किलोमीटर पडतं, आणि त्यातलं बहुतेक अंतर डांबर नाहीतर काँक्रीट आहे.

१. आधी रस्ता कागदावर मांडा

मार्गाचे तुकडे पाडा आणि प्रत्येकापुढे लिहा: पक्का, उखडलेला की कच्चा. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीतला चिखल टाळता येतो. पुढे मनाली-लेह रस्त्यावर नाले आणि फुटलेले पट्टे लागतात, पण ते थोडे. स्पीतीचं खोरं जोडलंत की गणित बदलतं. ग्रांफूपासून बातलमार्गे कुंझुम खिंडीकडे जाताना दगडगोटे आणि वाहतं पाणी यांची तयारी ठेवावी लागते.

आता बेरीज करा. जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटरांत कच्चा भाग काही शे निघाला, तर टायर डांबराला धरूनच घ्यायचा.

२. मग प्रकार ठरवा

दुकानात ८०/२०, ७०/३०, ५०/५० असे आकडे ऐकू येतील. पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्या रस्त्याचा. हे आकडे कंपन्या स्वतःच ठरवतात, त्यामागे कुठलं सामायिक मोजमाप नाही. म्हणून एका कंपनीचा ५०/५० दुसरीच्या ७०/३० सारखा दिसला तर नवल नको. आकड्यापेक्षा टायरकडे बघा. ठोकळ्यांमधली फट जितकी मोठी, तितकी माती आणि खडी धरायला सोय, पण तितकंच रबर डांबराला कमी टेकतं. जोरात ब्रेक मारला की उंच ठोकळे वाकतात, वळणावर बाइक हलल्यासारखी वाटते, आवाज वाढतो आणि टायर लवकर घासतो.

आपल्याकडून जून-जुलैत निघणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. लडाखच्या आधी खंडाळ्याचा घाट आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं पावसाने चिंब काँक्रीट लागतं. ओल्या पक्क्या रस्त्यावर पकड हवी, आणि तिथे बटन टायर कमी पडतो.

माझं मत विचाराल तर मनाली-लेह-श्रीनगर फेरीसाठी ८०/२० किंवा ७०/३० पुरतो. स्पीती किंवा झंस्करचे कच्चे रस्ते धरले असतील तर ५०/५०. त्याहूनही जास्त कच्च्या रस्त्याचा टायर रेल्वेने बाइक चंदीगडला पाठवून तिथून चालवणाऱ्यांनी घ्यावा, त्यांचं महामार्गाचं अंतर वाचलेलं असतं.

३. बाजूवरचे आकडे वाचा

उदाहरणार्थ, रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ या बाइकला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७ लागतो. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. कंपनीने दिलेलाच साइज घ्या. मागे जाड टायर बसवायची हौस चेनला नाहीतर स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासण्यात संपते. रेडियल आणि साधा असे दोन जातींचे टायर पुढे-मागे मिसळू नका.

साइजनंतर येतो भाराचा आकडा. ६४ म्हणजे एका टायरवर २८० किलो. दोघे आणि सामान मिळून १७० किलो, बाइक २००, असे ३७० धरा. त्यातला साठ टक्के भार मागे गेला तर २२० किलोच्या वर होतो, म्हणजे ६४ चा टायर तो पेलतो. शेजारचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: पी म्हणजे १५०, एस १८०, एच २१० किमी. बाइकच्या मूळ टायरपेक्षा कमी भाराचा किंवा कमी वेगाचा टायर घेऊ नका.

टायर बनल्याची चार अंकी तारीखही बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानदार तोंडी ‘ताजा माल’ म्हणेल, पण आकडा स्वतः वाचायचा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही टायरचा.

४. टायर पुरेल का, हे मोजा

मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो. खाच मोजायची छोटी पट्टी स्वस्तात मिळते. नवा टायर बसवल्यावर मधली खाच मोजा, हजार किलोमीटरांनी पुन्हा मोजा. ८ मिमीची ७ झाली असेल, तर याच गतीने पाच हजारांत ती ३ वर येईल. सामान लादलं, ऊन तापलं की झीज वाढते, म्हणून हिशेब सढळ ठेवा.

५. आधी बसवा, मग निघा

निघायच्या आदल्या दिवशी टायर बदलणं म्हणजे नसती आफत. नव्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो, पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर वाकणं आणि ब्रेक जपून. बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे बघा.

६. पंक्चरचा विचार इथेच करा

तारांच्या चाकांत ट्यूब असेल तर दोन्ही साइजच्या ट्यूब, टायर खोलायचे लिव्हर आणि पंप बरोबर घ्या, आणि घरी एकदा मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघा. जागा नसेल तर निदान २१ इंची ट्यूब तरी ठेवा. अडीअडचणीला ती १७ इंची मागच्या चाकात कोंबून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. ट्यूबलेसला दोरीचं किट (भोकात रबरी दोरी कोंबून पंक्चर बुजवायचं) पुरतं, पण दगडावर रिम वाकली किंवा टायरची बाजू फाटली तर दोरी उपयोगाची नाही.

७. हवा

बाइकवरच्या स्टिकरवर दिलेलंच प्रेशर ठेवा, सकाळी टायर थंड असताना. तांगलांग ला सारख्या पाच हजार मीटरांवरच्या खिंडीत बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो, त्यामुळे तापमान तेच राहिलं तर तो सातएक पीएसआय जास्त दाखवेल. थंडी त्यातला बराच फरक खाऊन टाकते, म्हणून प्रत्येक खिंडीत हवा कमी-जास्त करत बसू नका. लेहला मुक्काम असेल तर तिथे सकाळी स्टिकरप्रमाणे हवा करा, आणि तिथे काही हवा सोडली असेल तर खाली मनालीला किंवा श्रीनगरला उतरल्यावर पहिल्याच पंपावर ती परत भरून घ्या.