शेळीची पापणी उलटून पाहत जा

मुकं जनावर आपलं दुखणं शक्य तेवढं लपवतं. म्हणून चारा-पाणी करताना अंगावरून हात फिरवायची सवय ठेवा. शेळीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. आतली कड लालसर असेल तर काळजी नाही. फिकट गुलाबी दिसू लागली की सावध व्हा, पांढुरकी पडली असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा. पोटातले रक्त शोषणारे जंत हे याचं नेहमीचं कारण. जबड्याखाली मऊ सूज लोंबत असेल तर संशय आणखी बळावतो. मात्र दर खेपेला सगळ्या कळपाला सरसकट जंताचं औषध पाजू नका. जंत त्याला सरावतात, आणि खऱ्या गरजेला ते लागू पडत नाही.

कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी सकाळी दाणे टाकण्याआधी चाचपा, ती रिकामी हवी. ससा १०-१२ तास खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर उद्यावर ढकलू नका. मांजरीला मांडीवर घेऊन हनुवटी खाजवता खाजवता ओठ जरा वर करा. हिरड्या दिसतात, आणि तिला ते लाडच वाटतात.