लकव्यानंतर मूठ उघडायची कशी: ईईजी टोपी आणि करंटच्या उपचाराची तयारी

लकवा मारलेला हात बहुतेकदा मुठीत अडकतो. मूठ आवळणं आधी परत येतं, उघडणं मागे राहतं. म्हणून या उपचारात सगळा भर बोटं उघडण्यावर द्यायचा.

सामान तीन: डोक्यावरची ईईजी टोपी (मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी), लॅपटॉप आणि स्नायूंना करंट देणारं स्टिम्युलेटर. रुग्ण मूठ उघडायचा प्रयत्न करतो, तेव्हा मेंदूच्या हालचालीच्या भागावरच्या ८ ते ३० हर्ट्झच्या लहरी दबतात. लॅपटॉप ते ओळखतो, करंट सोडतो, बोटं उघडतात. प्रयत्न आणि उघडणं एकाच वेळी घडलं तर मेंदू ते जास्त चांगलं धरून ठेवतो. स्वित्झर्लंडमधल्या २७ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) एका गटाला प्रयत्नासोबत करंट दिला, दुसऱ्याला प्रयत्नाशी न जुळवता. ६६ गुणांच्या हाताच्या चाचणीत पहिला गट सरासरी ६.६ गुणांनी सुधारला, दुसरा २.१ गुणांनी. नुसतं करंटचं मशीन लावून हात हलवत बसणं का पुरत नाही, ते यावरून कळतं. आणि ६.६ म्हणजे हात पहिल्यासारखा होणं नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगा.

पेसमेकर असेल तर हृदयरोग तज्ज्ञाच्या, फिट्स येत असतील किंवा कवटीचं हाड काढलेलं असेल तर मेंदूविकार तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय सुरुवात करू नका. रोज बीपी मोजूनच टोपी लावा.

टोपी लावताना खरी अडचण केसांतल्या तेलाची. आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा, त्यानंतर एक थेंबही तेल नको. बायकांची वेणी सैल आणि मानेजवळ बांधा. अंबाडा टोपीला वर ढकलतो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून मध्य काढा. मग एका कानापुढच्या खळगीपासून दुसरीपर्यंत, डोक्यावरून. दोन्ही मध्य जुळतात तो बिंदू सीझेड (टोपीवरच्या जागांना अशी नावं असतात). कान ते कान अंतर ३५ सेंमी असेल तर सीझेडपासून डावीकडे ७ सेंमीवर सी३, उजवीकडे तेवढ्यावरच सी४. म्हणजे अंतराच्या २० टक्के. उजवा हात गेला असेल तर सी३ महत्त्वाचा, डावा गेला असेल तर सी४. केस बाजूला सारून टोपीतल्या इलेक्ट्रोडखाली (लहर टिपणाऱ्या चकत्या) बोथट सुईने जेल भरा आणि कातडी व इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा १० किलोओमच्या खाली आणा. जेल जास्त भरलं तर दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले जातात आणि दोन्हीकडे एकच लहर दिसते. मे महिन्यात घामही हेच करतो, म्हणून उन्हाळ्यात बैठक सकाळी ७-८ वाजताच घ्या.

गावातल्या वायरिंगला अर्थिंग नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण सगळ्या लहरी झाकून टाकते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून ठेवा, कुलर आणि इन्व्हर्टर लांब ठेवा. लोडशेडिंगच्या गावात बॅटरी रात्रीच भरून घ्या.

आता लॅपटॉपला रुग्णाच्या लहरींची ओळख करून देणं: २० वेळा "आराम" आणि २० वेळा "उघडा", प्रत्येकी ५ सेकंद, मध्ये थोडी विश्रांती. ४० पैकी २६ च्या वर बरोबर ओळखलं नाही, तर ते नशिबाचंही असू शकतं, पुन्हा घ्या. या वेळी रुग्णाच्या तोंडाकडे पाहा. दात आवळले, खांदा उचलला, श्वास रोखला, तर लॅपटॉप मेंदूऐवजी स्नायूच वाचतो. "हात उघडलेला दिसतोय" असं चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगू नका. "बोटं ताणा, आतून जोर लावा" असं सांगा.

करंटचे पॅड कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात, हाताच्या पाठीकडच्या बाजूला लावा: एक कोपराच्या बाहेरच्या हाडापासून चार बोटं खाली, दुसरा मनगटाच्या चार बोटं वर. ३५ ते ५० हर्ट्झ ठेवा आणि १-१ मिलिअँपने वाढवत बोटं पूर्ण उघडेपर्यंत न्या. मनगट अंगठ्याकडे वळलं तर पॅड करंगळीकडे बोटभर सरकवा. बोटं उलट मिटत असतील तर करंट खालच्या, मूठ आवळणाऱ्या स्नायूंपर्यंत पोचतोय; कमी करा. ज्या हाताला स्पर्शच कळत नाही तिथे दर १५ मिनिटांनी कातडी पाहा, नाहीतर भाजल्याचं कळणारही नाही.

सर्वात मोठी चूक मर्यादा, म्हणजे लॅपटॉपने किती खात्री झाल्यावर करंट सोडायचा ती पातळी, सैल ठेवण्याची. हात हललेला पाहून घरचे खूश होतात, पण रुग्ण प्रयत्न करत नसतानाही करंट सुटत असेल तर उपचार वाया जातो. दोन-चार वेळा मुद्दाम "काहीच करू नका" सांगून पाहा. तेव्हाही करंट सुटला तर मर्यादा वाढवा.

एका बैठकीत साधारण तासभर, आठवड्यात दोन-तीन दिवस. थकवा दिसला की थांबा. टोपी काढल्यावर लगेच अर्धा तास हात खऱ्या कामाला लावा: फल्लीचे दाणे वाटीत टाकणं, रिकामा गिलास धरून सोडणं. दर पंधरवड्याला एका मिनिटात किती दाणे सुटले ते कॅलेंडरवर लिहा. आकडा हलत नसेल आणि बोटं कडक होत चालली असतील, तर आधी त्या कडकपणावर डॉक्टरांकडून इलाज करून घ्या, मग पुढच्या बैठका.