मुलाचं पोट दुखतं, रिपोर्ट मात्र नॉर्मल: या चुका टाळा

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेलं नाही." महिनोन्महिने पोट धरून बसणाऱ्या मुलासमोर हे बोलणं मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. लगेच घरचे म्हणतात, "बघ, नाटकंच होती ना!" दुखणं खरंच असतं. आतडी आणि मेंदू यांच्यात सतत निरोपानिरोपी चालते. या मुलांच्या आतड्यांच्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्यामुळे एरवी जाणवणारही नाही एवढा गॅससुद्धा दुखतो. हे मुलाला समजेल अशा शब्दांत सांगणं हाच उपचाराचा पहिला डोस.

तपासण्या संपायची वाट बघत बसू नका. 2016 च्या रोम-4 निकषांप्रमाणे (पोट-आतड्यांच्या अशा दुखण्यांच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष) महिन्यातून किमान 4 वेळा, असं किमान 2 महिने दुखत असेल आणि योग्य तपासणीत दुसरं कारण दिसत नसेल, तर फंक्शनल, म्हणजे तपासणीत बिघाड न दिसणाऱ्या, पोटदुखीचं निदान करता येतं. उगाच केलेल्या सोनोग्राफीत 'गाठी' निघतात आणि घरभर धास्ती पसरते. लहान लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) तर धडधाकट मुलांतही दिसतात.

पण वजन घटणं, उंची खुंटणं, शीतून रक्त, वारंवार ताप, झोपेतून उठवणारं दुखणं, सतत उजवीकडे खाली दुखणं, यांवर 'टेन्शनमुळे असेल' म्हणू नका. हिरवी उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बद्धकोष्ठता हमखास नजरेतून सुटते. "रोज होते" एवढ्यावर थांबू नका. खडा होतो का, कुंथावं लागतं का, विचारा. आठ-दहा वर्षांच्या मुलाची शी कशी होते हे आईलाही ठाऊक नसतं.

"आता दुखतंय का?" हा प्रश्न बंद करा. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पालकांनी दुखण्याकडे लक्ष दिलं तेव्हा मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, दुसरीकडे रमवलं तेव्हा निम्म्यावर आल्या. गंमत म्हणजे, रमवण्यानं मुलाला त्रास होईल असं पालकांना वाटत होतं, मुलांना मात्र त्यानंच बरं वाटलं.

गोळ्या बदलत राहण्यात फारसा अर्थ नाही. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे समुपदेशन) आणि पोटासाठीचं संमोहन यांचा पुरावा त्याहून बरा आहे.

आणि 'बरं वाटल्यावर शाळा' हा क्रम उलटा करा. शाळा आधी, हवं तर अर्धा दिवस. दुखलंच तर तिथेच दहा मिनिटं आडवं पडता येईल, असं वर्गशिक्षकांशी बोलून ठेवा. फोन आला की गाडी काढून आणायला धावू नका.